चौथे बटण

सोमवार, ८ फेब्रुवारी १९८८

वहिनी काल दुपारी मस्कतहून आल्या. एकट्याच, दादाला रजा मिळाली नाही. सामान: दोन सुटकेस, एक खोके, एक मोठी बाहुली. बाहुली आडवी केली की डोळे मिटते. अंजूने तिला तीनदा आडवे केले, तीनदा उभे केले आणि माझ्याकडे आणून दिली. "आत्तू, हिच्या डोळ्यांत वजन आहे ना?" मी म्हटले, हो, आतल्या बाजूला असते. साडेचार वर्षांच्या मुलीला हा प्रश्न सुचतो, कारण मी तिला तसे बघायला शिकवले आहे. वहिनी नुसत्या हसल्या.

त्या अंजूला न्यायला आल्या आहेत. दादाच्या पत्रातून हे दोन महिने आधीच कळले होते, तेव्हा यात नवीन काही नाही. विमान पाच मार्चचे, शनिवारी. अंजूच्या व्हिसावरची शेवटची तारीख सहा मार्च. म्हणजे विमान चुकले तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. हा व्हिसा मिळवायला दादाला अकरा महिने लागले.

अंजू दीड वर्षाची असताना वहिनी तिकडच्या इस्पितळात नर्स म्हणून गेल्या. तेव्हापासून ती आईजवळ आणि माझ्याजवळ आहे. मधल्या तीन वर्षांत वहिनी एकदा आल्या, एकवीस दिवसांसाठी. फक्त नोंद म्हणून लिहिते.

बुधवार, १० फेब्रुवारी

सकाळी वहिनी अंजूला आंघोळ घालायला निघाल्या. अंजू मोरीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि हलेना. रडली नाही. फक्त पाठ दाराला चिकटवून ठेवली. शेवटी मी गेले. चार मिनिटांत आंघोळ झाली.

कारण असे आहे. अंजूचे फ्रॉक मी शिवते आणि प्रत्येकाला पाठीवर पाच बटणे लावते. मागच्या वर्षी ती बालवाडीत जायला लागली तेव्हा मी तिला एक नियम घालून दिला. प्रत्येक बटण म्हणजे एक स्टेशन. मानेजवळचे कल्याण, मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि कमरेचे बदलापूर. ज्याला स्टेशने म्हणता येत नाहीत त्याला बटणाला हात लावू द्यायचा नाही. कोणी जबरदस्ती केली तर पाठ भिंतीला लावायची आणि एका सुरात ओरडायचे, थांबायचे नाही. आणखी एक: अंबरनाथला आपण उतरतो, म्हणून चौथे बटण उघडले की तिथे थांबून पाठीवर एक फुंकर घालायची. हे फक्त आम्हा दोघींना माहीत आहे. आईचे गुडघे दुखतात, ती मोरीत बसत नाही.

दुपारी वहिनींनी विचारले, "तू काय करतेस गं सुनेत्रा? मला ती पाठसुद्धा दाखवत नाही."

मी म्हटले, "काही नाही. सवयीचा भाग आहे."

हे खोटे नाही.

वहिनींनी तिच्यासाठी चार फ्रॉक आणले आहेत. चारही फ्रॉकना पाठीवर चेन. एका ओढीत वरपासून खालपर्यंत उघडते. कापड चांगले आहे, शिलाई मशीनची आणि सरळ आहे. मी एवढेच सांगितले की चेनचे दाते पितळी आहेत, मुलीची कातडी चिमटू शकते. वहिनींनी करंगळी आत घालून चेन चार वेळा खालीवर केली. "नाही गं चिमटत."

मी म्हटले, "तुमची करंगळी आणि तिची पाठ यात फरक आहे."

त्यांनी फ्रॉक घडी करून सुटकेसमध्ये परत ठेवले.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आमच्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या, हातात धरायच्या मेटल डिटेक्टरांची विमानतळावर चाचणी घ्यायचे ठरले. चिखलोलीच्या बाजूच्या आमच्या शेडमध्ये आम्ही नऊ जण काम करतो आणि डिप्लोमा झालेली बाई मी एकटी. हे महत्त्वाचे ठरले, कारण बायका-मुलांची तपासणी पडद्याआड होते.

प्रधानसाहेब म्हणाले, "मला कोण आत सोडणार? चपलांनी हाणतील. तूच जा. कशाने वाजतं, किती वेळा उगाच वाजतं, किती वेळ लागतो, सगळं लिहून आण."

आठवड्यातून तीन दिवस, तीन आठवडे. दिवस कोणते घ्यायचे ते त्यांनी माझ्यावर सोडले. मी सोमवार, बुधवार, शनिवार असे लिहून दिले. शनिवार धरला की शेवटचा दिवस पाच मार्च येतो, हे नंतर लक्षात आले.

घरी सांगितले तर वहिनींना आनंद झाला. "बरं झालं बाई. आम्ही जाऊ तेव्हा आत तू असशील."

सोमवार, १५ फेब्रुवारी

विमानतळावरचा पहिला दिवस. प्लायवूडच्या दोन भिंती, एक हिरवा पडदा, लाकडी चौरंग, स्टूल. ड्यूटीवर कुंदा शेलार नावाच्या शिपाईबाई. उंच, आवाज मोठा. आमच्या यंत्राला त्या काठी म्हणतात आणि मला मशीनवाली.

आज एकोणीस लहान मुले तपासली गेली. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये काठी जास्त वाजते: चांदीचा कडदोरा, वाळे, दुपट्याची सेफ्टी पिन, गळ्यातली वाघनखे. एका बाळाच्या टोपड्यात आजीने सुई खोचून ठेवलेली निघाली, दृष्ट लागू नये म्हणून.

प्रधानसाहेबांनी सांगितले नव्हते, तरी मी एक रकाना वाढवला: मूल घाबरते तेव्हा आईबाप काय करतात. यंत्राला लागणारा वेळ त्यावर अवलंबून असतो, म्हणून.

एक बाई शेलारबाईंवर तुटून पडली. "दूधपितं पोर आहे माझं. त्याच्याकडे बॉम्ब असणार का?"

"पोराकडे नसतो हो," शेलारबाई शांतपणे म्हणाल्या. "पोराच्या लंगोटात ठेवणारे असतात. सोडा गाठ."

उल्हासनगरच्या एका सिंधी बाईने मात्र मुलालाच विचारले, "पहले किसको गुदगुदी करें, मम्मी को या तेरे को?" मुलाने आईकडे बोट दाखवले. सगळे मिळून चाळीस सेकंद.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आई, वहिनी आणि अंजू चारलाच देवळाकडे जत्रेला गेल्या. मी कामावरून परस्पर गेले. त्या परतीच्या वाटेवर भेटल्या. अंजू वहिनींच्या खांद्यावर झोपली होती. तोंड उघडे, हातात पत्र्याची शिट्टी.

मी म्हटले, "द्या माझ्याकडे."

"राहू दे गं. उठेल."

अंजूचे वजन चौदा किलो तीनशे ग्रॅम आहे. देवळापासून स्टेशन ओलांडून पश्चिमेला घरी येईपर्यंत मी दोनदा खांदा बदलते. वहिनींनी एकदाही बदलला नाही. ही पद्धत चुकीची आहे, मुलाची मान अवघडते. आई म्हणाली, "बघ कशी बिलगलीय. रक्त ओळखतं शेवटी." झोपेत मुलांना खांदा कोणाचा हे कळत नाही.

घरी आल्यावर अंजूची मान अवघडलेली नव्हती.

बुधवार, २४ फेब्रुवारी

सोनिवलीची गयाबाई आज भाजीबरोबर एक ताईत घेऊन आली. आईने तिला सांगून ठेवले होते. तांब्याची नळी, दोन्ही टोके लाखेने बंद. तिच्या गावच्या देवीपुढे पाच दिवस ठेवलेला.

"पोरीचे आंगाला लागला पायजे," गयाबाई म्हणाली. "पेटीत टाकशाल तं काय उपेग नाय. पाणी वलांडून जायाची हाय ती."

ती गेल्यावर आई माझ्याजवळ आली. "तिच्या फ्रॉकात आतून शिवून टाक. माझ्या डोळ्यांना दोरा दिसत नाही. आणि मालिनीला बोलू नकोस. नर्स आहे ती, असलं काही ऐकायची नाही. उगाच शब्दाला शब्द."

मी ताईत घेतला. लांबी बावीस मिलिमीटर.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

ताईत वर्कशॉपमध्ये नेला होता. यंत्र तांब्याला बरोबर दाद देते का हे पाहायचे होते. सहा सेंटिमीटरवरून वाजला. कापडाचे दोन पदर मध्ये घेऊनही वाजला. यंत्र बरोबर आहे.

शनिवार, २७ फेब्रुवारी

आजवर एकसष्ट मुले. रकान्यावरून चार गट दिसतात. पहिला, मुलाला रागावणारे किंवा चापट मारणारे. दुसरा, हातपाय धरून ठेवणारे. यात वेळ सर्वांत कमी लागतो, पण मूल नंतर बराच वेळ आईकडे जात नाही. तिसरा, शिपाईबाईंशी भांडणारे. चौथा, दुसरीकडे पाहणारे: पर्स उघडतात, तिकीट वाचतात, कोणीतरी करेल म्हणून थांबतात. गुदगुल्या करणारी ती बाई आणि तिच्यासारख्या आणखी दोघी. त्यांचा वेगळा गट केला नाही.

वहिनी कोणत्या गटात बसतील? इस्पितळात सुई टोचताना मुलांना धरून ठेवायची त्यांना रोजची सवय आहे. दुसऱ्या.

घरी आले तर वहिनी अंजूला जेवू घालत होत्या. भाताचे मुटके करून ताटाच्या कडेने लावले होते. अंजू एकेक खात होती. मी मुटके करत नाही, मूल त्याने आळशी होते. अंजूने दोनदा भात मागितला.

बुधवार, २ मार्च

जायच्या दिवशी अंजूला कोणता फ्रॉक घालायचा यावर बोलणे झाले. वहिनींच्या मनात आकाशी होता, चेनवाला. मी सांगितले की चेन पितळी आहे, काठी वाजणार, मग उघडून बघतात, अंजू घाबरेल. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

"मग तू सांगशील तो," वहिनी म्हणाल्या. "त्यातलं तुलाच कळतं."

मी पिवळा सांगितला. त्याची बटणे प्लास्टिकची आहेत.

वहिनी संध्याकाळी बाजारात गेल्या तेव्हा ताईत शिवला. पाठीच्या पट्टीच्या आतून, चौथ्या बटणाखाली. ती जागा दुहेरी कापडाची आहे, बाहेरून फुगवटा दिसत नाही आणि अंगाला लागतो. टाके अकरा. आईने हात फिरवून पाहिला आणि डोळे पुसले.

ताईत काठीला वाजेल हे आईला माहीत नाही. तिने विचारले असते तर मी सांगितले असते.

शुक्रवार, ४ मार्च

धुळवड. अंजू गुलाबी होऊन आली. आंघोळ मी घातली. वहिनी मोरीच्या बाहेर पाट घेऊन बसल्या होत्या, दार लोटलेले होते. मी स्टेशने हळू आवाजात म्हटली.

अंजूने विचारले, "आत्तू, मस्कतला स्टेशनं आहेत?"

मी म्हटले, "नाहीत. तिथे रेल्वेच नाही."

"मग तिकडे फ्रॉक कोण काढणार?"

मी तिच्या कानामागचा रंग घासत होते. तो निघाला नाही.

शनिवार, ५ मार्च

जसे घडले तसे क्रमाने लिहिते.

विमान सव्वातीनचे. मी अकरापासून पडद्याआड होते. वहिनी आणि अंजू एक वाजून चाळीस मिनिटांनी आल्या. पिवळा फ्रॉक, पांढरे मोजे, उजव्या कानामागे गुलाबी डाग. "आत्तू!" करून अंजू माझ्याकडे धावली. शेलारबाईंनी तिला मध्येच उचलून चौरंगावर ठेवले.

"थांब राजकन्ये, आधी ओवाळून घेऊ." त्यांनी काठी पायांकडून वर नेली. पोट, छाती: काही नाही. पाठ: वाजली.

"पाठीला काय आहे हो बाई?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "बटणं प्लास्टिकची आहेत."

पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच वाजली. शेलारबाई माझ्याकडे वळल्या. "काय मशीनवाली, डबडं उगाच बोंबलतंय का तुमचं?"

मी म्हटले, "नाही. यंत्र बरोबर आहे."

तेवढेच म्हटले.

"मग उघडा फ्रॉक."

वहिनींनी हात पुढे केला. अंजू चौरंगावरून उतरली, प्लायवूडला पाठ लावली आणि ओरडायला लागली. एका सुरात, न थांबता. मी शिकवले होते तसेच. मागे रांगेत पाच जणी होत्या. एक म्हणाली, "अरे बहनजी, एक झापड लगाओ, चुप हो जाएगी." बाहेर मस्कतच्या विमानाची घोषणा झाली.

शेलारबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही हात धरा, मी बघते. दोन मिनिटांचं काम."

मी वहीवर पेन्सिल टेकवली. दोनचा आकडा लिहिणार होते.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "धरायचं नाही."

"अहो, पण तपासल्याशिवाय सोडता येणार नाही मला."

"नका सोडू. पण हात धरून तिचे कपडे काढायचे नाहीत. तुम्ही नाही आणि मीपण नाही."

"विमान जाईल तुमचं!"

"जाऊ दे."

तोवर माझ्या वहीत चौऱ्याहत्तर मुले होती. हे उत्तर कोणीही दिले नव्हते. वहिनींना सहा तारीख माहीत होती. अकरा महिने माहीत होते. त्या चांगल्या साडीनिशी तिथेच फरशीवर बसल्या, अंजूपासून हातभर दूर. पर्ससुद्धा बाजूला ठेवली. शेलारबाई कपाळाला हात लावून रांगेतल्या बाकीच्यांना पुढे घेऊ लागल्या.

एक एकावन्न. विमानाचे दार अडीचच्या सुमारास बंद होते, हे मला तीन आठवड्यांत कळले होते. मला काहीही करायचे नव्हते. नुसते उभे राहायचे होते. मी वहीची मागची पाने चाळली.

एक अठ्ठावन्न. अंजूचा आवाज बसला, तरी ती थांबली नव्हती. आणि तिच्या डाव्या पायावरून ओल खाली आली. पांढरा मोजा घोट्यापर्यंत पिवळा झाला. दोन वर्षांत असे एकदाही झालेले नाही.

वहिनींनी ते पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "सुनेत्रा, तुला येतं ते. ये."

मी गेले. अंजूच्या कानाशी वाकून स्टेशने म्हटली, इतक्या हळू की वहिनींना ऐकू जाऊ नये. याची मी तेव्हाही काळजी घेतली. अंजूने लगेच पाठ केली. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. फुंकर घातली. तिचा श्वास खाली आला. आत कात्री नसते, म्हणून टाके दाताने तोडले. ताईत फरशीवर पडला आणि घरंगळत शेलारबाईंच्या बुटापाशी गेला.

त्यांनी तो उचलून काठीजवळ धरला. काठी वाजली.

"कोणी शिवलं हे?"

मी गुडघ्यांवर होते. उठायला दोन सेकंद लागले असतील.

"मी," वहिनी म्हणाल्या.

"कमाल आहे तुमची! शिकलेल्या दिसता. इतका वेळ पोरीला रडवलंत आणि तोंडातून शब्द काढवला नाही?"

"चुकलं."

"चुकलं म्हणे. विमान चाललं होतं तुमचं."

अंजूने वळून वहिनींकडे बघितले. आवाज बसलेला होता, पण प्रत्येक शब्द ऐकू आला. "आई, तू टोचणारं घातलंस?"

वहिनी एकदा माझ्याकडे बघतील असे मला वाटले. त्यांनी बघितले नाही.

"हो बाळा. चुकलं माझं."

त्यांनी तिचे मोजे काढले, पाय ओल्या रुमालाने पुसले. फ्रॉकची बटणे मी लावली. ओले मोजे वहिनींनी माझ्या हातात दिले. "पोचल्यावर पत्र टाकते. आईंना ताईताचं सांगू नकोस, जिवाला लावून घेतील." अंजू वहिनींचे बोट धरायला तयार नव्हती. पर्सचा पट्टा धरून गेली. पडद्यापाशी मागे वळून तिने मला हात केला. मला. दोन वाजून आठ मिनिटे.

वहीत नोंद केली. वस्तू: तांब्याचा ताईत, २२ मिमी. जागा: पाठ. वेळ: २८ मिनिटे. आईबापांचा रकाना रिकामा राहिला.

सोमवार, ७ मार्च

मोजे धुतले. आईने विचारले, नीट गेली ना? मी म्हटले, हो.

अहवाल दिला. उगाच वाजण्याचे प्रमाण शेकडा दोन. साहेब खूश. त्यांनी पाच तारखेच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवले. "इथे काय लिहायचं राहिलं?"

मी चारचा आकडा लिहिला. दुसरीकडे पाहणारे. कोणाबद्दल, ते त्यांनी विचारले नाही.

बुधवार, ३० मार्च

वहिनींचे पत्र. दोघी सुखरूप. दादाने अंजूला समुद्र दाखवला. ती म्हणाली, यात पाणी कुठल्या टाकीतून सोडतात? दादाला हसू आवरेना.

पुढे लिहिले आहे: "आंघोळीला ती अजून पाठ देत नाही. स्वतःच फ्रॉक डोक्यावरून ओढते, मानेत अडकतो, मग रडते. शिवाय ताईतामुळे माझ्यावर रुसलेली आहे, ते बरोबरच आहे. तू तिच्या कानात काहीतरी म्हणतेस. जे म्हणतेस ते मला जसंच्या तसं लिहून पाठवशील का? तू नेमकं लिहितेस."

ताईताबद्दल आणखी काही नाही.

मी उत्तर लिहिले. पाच स्टेशने, वरून खाली, क्रमाने. कोणत्या बटणाला कोणते तेही लिहिले, आकृती काढून. फुंकरीचे लिहिले नाही. निळ्या हवाई पत्रात जागा कमी असते.

मंगळवार, १९ एप्रिल

वहिनींचे दुसरे पत्र. इथे उतरवून ठेवते.

"प्रिय सुनेत्रा, तुझं पत्र आलं. मी स्टेशनं म्हटली आणि माझी लेक पाठ करून उभी राहिली! मला तिथेच रडू आलं. उल्हासनगरपर्यंत ठीक चाललं. चौथं बटण उघडलं आणि ती थांबली. वळून माझ्याकडे बघायला लागली. मी बदलापूर म्हटलं तर मान हलवली. कशाची तरी वाट बघत होती. मी विचारलं, काय राहिलं? तर म्हणाली, ते आत्तूचं आहे. रोज तसंच होतं, चौथ्याला थांबतो. आता मी फ्रॉक तिथेच सोडते आणि ती त्यातून सरपटत बाहेर येते. ते तुझंच ठेवायचं असेल तर राहू दे. मी पुन्हा विचारणार नाही. तीन वर्षं तू तिला सांभाळलंस, तुझ्याकडे काहीतरी राहायलाच हवं.

ताईताचं मनात ठेवू नकोस. टाके पाहिल्याबरोबर मला कळलं होतं. असे एकसारखे टाके आपल्या घरात दुसरं कोण घालतं? आईंनी सांगितलं असणार आणि काठीचं त्या घाईत तुझ्या लक्षात आलं नसणार. अंजूला मी खरं सांगितलं नाही. तिला कोणावर तरी रुसायचंच होतं. जिच्यावर रुसायचं ती जवळ असलेली बरी, समजूत काढता येते. तू इतक्या लांब. तुझ्यावर रुसली असती तर तिची समजूत कोणी काढली असती?"

पत्र चार वेळा वाचले.

"घाईत लक्षात आले नसणार." माझ्या पंचवीस फेब्रुवारीच्या नोंदीत आहे, सहा सेंटिमीटरवरून वाजला. मी ते पान उघडून पुन्हा वाचले. अक्षर नेहमीसारखेच आहे.

फुंकर ही एकच गोष्ट माझ्याकडे राहिली आहे. दिली की तिथे माझे काही काम उरत नाही. हे भावनेने लिहीत नाही. तसेच आहे.

बुधवार, २० एप्रिल

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिले. एकाच पानात मावले. जागा पुष्कळ होती.

"वहिनी, चौथे बटण उघडले की थांबायचे. 'अंबरनाथ आलं, उतरा' म्हणायचे आणि पाठीवर मणक्याच्या मध्यावर एक फुंकर घालायची. हळू, लांब. तिला शहारा येतो, मग ती हसते. त्यानंतर बदलापूर. एवढेच आहे, आणखी काही राहिलेले नाही.

ताईत मी शिवला. आईने सांगितले हे खरे, पण काठी वाजणार हे मला माहीत होते. मी आधी तपासून पाहिले होते. तुम्ही आणलेला आकाशी फ्रॉक घातला असता तर चेन एका ओढीत उघडली असती. म्हणून मी तो घालू दिला नाही. अंजूला सांगा की टोचणारे आईने घातले नव्हते. कोणी घातले तेही सांगा. ती रुसली तर रुसू द्या. मोजे माझ्याकडे आहेत, पाठवते."

पाच वाजता पोस्टाच्या पेटीत टाकले. पेटी साडेपाचला उघडतात. साडेपाचला मी अजून तिथेच उभी होते. पोस्टमनने कुलूप काढले आणि सगळी पत्रे थैलीत ओतली. माझे निळे पत्र वरच होते, पत्ता वाचता येत होता.

त्याने विचारले, "काय ताई, चुकून टाकलं का काही? काढून देऊ?"

मी म्हटले, "नाही. जाऊ दे."

त्याने थैलीचे तोंड बांधले. मी घरी आले.